डावीकडे युरोप, उजवीकडे आशिया

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

हो म्हणून बसले! जीभ आवरत नाही, दुसरं काय.

यशश्री आली होती दुकानात. बौशरकडच्या मराठी बायकांचा ग्रुप आहे, त्याची ही पुढारीण. एप्रिलमध्ये बावीस जणी तुर्कस्तानला निघाल्यात. तिकिटं, व्हिसा, हॉटेलं, सगळं आमच्याकडून. वर म्हणे, “सफूरा, एक छोटी पुस्तिका करून दे ना मराठीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. दोन खंडांत पसरलेला देश वगैरे, तुला येतं छान लिहायला.” मस्कतमध्ये हमरियातल्या या काउंटरवर बसून चौदा वर्षं जगभरची तिकिटं काढतेय, स्वतः दुबईच्या पुढे गेलेली नाही. आणि मी ओळख करून देणार तुर्कस्तानची!

घरी लेकीला, सिदराला हे सांगत होते, तर माझे वडील, बावा, पलंगावर उठून बसले. “काळ्या समुद्राकडे जाताना डावीकडे युरोप, उजवीकडे आशिया. येताना उलट. हे पहिलं लिही गो.”

चाळीस वर्षं खलाशी होते. इस्तंबूलच्या त्या खाडीसारख्या चिंचोळ्या समुद्रातून तीस-पस्तीस वेळा तरी गेले असतील. “पण पाय ठेवला नाही एकदाही,” म्हणाले. “जहाज थांबायचंच नाही तिथं.”

८ ऑक्टोबर, बुधवार

दुकानातून आले की चहा घेऊन बसते. बावा सांगतात, मी लिहून घेते. पूल किती, वारा कुठून येतो, पाणी वरून एकीकडे वाहतं आणि खालून दुसरीकडे. सिदरा म्हणते, “नाना इज बेटर दॅन गूगल.” तेवढ्यावर खूश!

वर्ष झालं त्यांना इकडे आणून. हार्टचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलं, गावाला बघणारं कुणी नाही, म्हणून माझ्या नवऱ्याने, यूनुसनेच आग्रह केला. तो नोकरीसाठी बरकाला असतो, गुरुवारी येतो. त्याचं आणि बावांचं छान जमतं. माझं आणि बावांचं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, मीठ कमी आहे, दार लावून घ्या.

कारण आहे. लिहूनच टाकते.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. २ मार्च १९९८. दोन दिवसांचा ताप आणि खलास. बावांना जहाजावर निरोप गेला. दफन त्याच दिवशी झालं, त्याला ते पोचणार नव्हतेच, त्याचं मला काही नाही. पण हा माणूस चाळिसाव्या दिवसालाही आला नाही! मी रोज मावशीच्या ओट्यावर बसून बाणकोटच्या धक्क्याकडे बघायची. अडीच महिन्यांनी आले — हातात तुर्की मिठाईचा पत्र्याचा डबा. “जहाजाला होड्या लागतात, त्यांच्याकडून घेतला.” मी हात लावला नाही. मावशीच्या पोरांनी फस्त केला. डबा मात्र बावांनी ठेवलाय. कागद ठेवतात त्यात, सुतळीने बांधून. मस्कतपर्यंत आणलाय.

का नाही आलात, एवढंच विचारायचंय. सत्तावीस वर्षं आज विचारीन, उद्या विचारीन.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज बावांनी एक भलताच पॅरा घातला. सांगताना डोळे मिटून. त्यांच्याच शब्दांत उतरवते:

“आशियाच्या काठाला, उस्कुदारला बोटीतून उतरलात की गर्दीबरोबर आत जाऊ नका. उजव्या हाताला वळून पाण्याकाठाने चालत राहा. चढण लागली की चढा. डावीकडे एक लाकडी घर येईल, रंग उडालेलं. त्याला लागून लहानशी मशीद, मिनार एकच आणि बुटका. आवारात मोठं झाड, बुंधा तिघांच्या कवेत न मावणारा. झाडाखाली नळ. भिंतीशी चहावाला बसतो. चहाचा पेला गळ्याशी धरावा, बुडाशी धरला तर बोटं भाजतात. तिथून जहाजं जाताना दिसतात. त्यांच्याकडे बघू नये.”

“बघू नये? बावा, लोक बघायलाच चाललेत!”

“बघू नये म्हणजे नये.”

“आणि तुम्ही पाय नाही ना ठेवला? मग चहाचा पेला भाजतो हे कसं कळलं?”

“आमचा भंडारी सांगायचा.” भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. त्याने बरंच काही सांगितलेलं दिसतंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

यशश्रीने वाचलं. सगळं आवडलं, तो पॅरा सोडून. “अगं हे आपल्या प्रोग्रॅममध्येच नाही. मशिदीचं नाव नाही, मॅपवर सापडत नाही. उगाच बायका शोधत बसतील. काढून टाक.”

काढला. तिचंही बरोबर आहे.

बावांना सांगितलं. रात्रीची भाकरी तशीच परत आली. एवढं काय त्यात रुसायचं! लहान मूल परवडलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तिका छापायला गेली. पंचवीस प्रती.

२ नोव्हेंबर, रविवार

आज चहा पिताना मान खाली घालून म्हणाले, “त्या बायकांबरोबर मलापण घेऊन चल.”

मी हसले. मग बघितलं, तर ते हसत नव्हते. म्हणाले, “जाऊन येऊ गो. एकदाच.”

डॉक्टरना विचारलं. “ईदनंतर बघू, तब्येत अशीच राहिली तर जायला हरकत नाही.” यूनुस म्हणाला, “दोघं जा. मी सिदराला बघतो.” म्हणजे ठरलंच सगळ्यांचं! मला कुणी विचारलं?

खरं सांगू, मला आत कुठेतरी बरं वाटलं. पाच तास विमानात शेजारी बसतील. तिथे तर विचारता येईल. तिथून कुठे पळतील?

८ नोव्हेंबर, शनिवार

बावांना व्हिसाचा कच्चा फॉर्म दिला. हा मी बनवलेला, मराठीतला. गावच्या गिऱ्हाइकांना इंग्रजी फॉर्म बघून घाम फुटतो, म्हणून आधी हा भरून घेते, मग कॉम्प्युटरवर मी टाइप करते. नाव, गाव, आजार, पूर्वी त्या देशात गेला होता का, किती दिवस, कशासाठी, आता कशासाठी.

“पूर्वी गेला होता का — नाही लिही,” म्हणाले.

“तुम्हीच लिहा. हात चांगले आहेत तुमचे. आणि जुने पासपोर्ट काढून ठेवा, सगळे जोडावे लागतात.”

“जुना हरवला.”

“कुठे हरवला? डबा बघा की.”

“नाही त्यात.”

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फॉर्म भरलेला नाही. पासपोर्ट नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तेच. यल्ला बावा, यल्ला, चला लवकर! स्वतःच हट्ट धरायचा आणि स्वतःच अडवायचं. गिऱ्हाईक असतं तर काउंटरवरून उठवलं असतं.

४ डिसेंबर, गुरुवार

व्हायचं ते झालं आज.

मी म्हटलं, द्या तो डबा, मीच बघते. त्यांनी डबा छातीशी धरला. डबा! त्या डब्यावरचे निळे-पिवळे मनोरे बघितले आणि माझं डोकंच फिरलं. ओरडले, “आई गेली तेव्हा यायला जमलं नाही तुम्हाला, आणि आता फिरायला जायचंय! चाळिसाव्यालापण आला नाहीत. अकरा वर्षांची होते मी. मिठाई घेऊन आलात! कुणाला हवी होती मिठाई?”

सिदरा दारात उभी होती. ती रडायला लागली.

बावांनी डबा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “तुझं खरं आहे.” बस. एवढंच. सत्तावीस वर्षांनी विचारलं आणि हे उत्तर!

५ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी. माफी मागायला हवी होती. नाही मागितली.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी बावांनी पेन मागितलं. “निळं आहे का? काळं नको.” दिलं. कशाला हवंय ते विचारलं नाही. दुकानाला उशीर होत होता.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

बावा गेले.

दुपारी सव्वादोनला, बौशरच्या हॉस्पिटलात. सकाळी धाप लागली, गाडीत माझा हात धरून होते. मी म्हणत होते, काही नाही होत, इन्शाल्ला संध्याकाळी घरी. त्यांनी काहीतरी म्हटलं, मास्कमुळे ऐकू आलं नाही. मी “हो हो” म्हटलं. कशाला हो म्हटलं, काय माहीत.

१५ जानेवारी, गुरुवार

अमेरातच्या कबरस्तानात दफन झालं. यूनुस, दुकानातले लोक, शेजारचे. बायका जात नाहीत आमच्यात. मी घरात, पलंगाच्या पट्टीवर बसून.

म्हणजे मीपण नव्हते शेवटी.

१८ जानेवारी, रविवार

यशश्री भेटायला आली. तिने पुस्तिका सोबत आणली होती, म्हणाली, “सगळ्या जणी विचारतायत, एवढी माहिती कुणाची?” तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पहिल्यांदाच.

२० जानेवारी, मंगळवार

वकिलातीत बावांचा पासपोर्ट रद्द करायला द्यायचाय, म्हणून डब्याची सुतळी सोडली.

हरवलेला जुना पासपोर्ट सगळ्यात वर! पाचव्या पानावर इस्तंबूलचे दोन शिक्के. आत, ४ मार्च १९९८. बाहेर, २३ मार्च १९९८.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. एकोणीस दिवस! आईला जाऊन दोन दिवस झाले होते, निरोप पोचला होता, आणि हा माणूस जहाजावरून उतरून त्या शहरात होता. पाय ठेवला नाही म्हणे! तिथून विमानाने दुसऱ्या दिवशी मुंबई गाठता आली असती. मी त्या ओट्यावर बसले होते तेव्हा हा तिथे फिरत होता, चहा पीत होता, मिठाई घेत होता.

खोटारडे बावा. गाडीत हात धरू द्यायला नको होता मी.

पासपोर्ट भिरकावला. कव्हर एकीकडे, पासपोर्ट एकीकडे. उचलायलाही गेले नाही.

२१ जानेवारी, बुधवार

सिदराने उचललं. कव्हराच्या आत घडी घातलेला माझा कच्चा फॉर्म होता. निळ्या शाईने भरलेला, अक्षर चौकोनात न मावल्याने समासात गेलेलं.

पूर्वी गेला होता का? — होय.

किती दिवस? — एकोणीस.

कशासाठी? — “बायको वारली म्हणून जहाज सोडलं. तिकीट दिलं होतं कंपनीने. विमानतळावरून दोनदा परत फिरलो. घरी सफूरा होती. आईशिवायच्या पोरीसमोर काय तोंड घेऊन उभा राहू, ते सुचेना. एका मशिदीच्या आवारात राहिलो. दूर वारलेल्याची नमाज आपल्यात करतात, तिथले लोक करत नाहीत. मी एकट्याने केली. चहावाला उठून माझ्या मागे उभा राहिला. मग घरी न येता परत जहाजच धरलं, मे महिन्यात उतरलो.”

आता कशासाठी? — “ती जागा सफूराला दाखवायची. मग ती काय बोलेल ते ऐकायचं.”

मशिदीचं नाव लिहिलेलं नाही. त्यांना ठाऊकच नसणार. पुस्तिकेतून तो पॅरा मी काढला, दुकानातला कागदही फाडला.

ही वही मागे उलटत गेले. अकरा ऑक्टोबर. उजव्या हाताला वळून, पाण्याकाठाने.

आहे.