डाळीच्या गंजात शिजलेले पाइप

माय,

तुझ्या डाळीच्या गंजात, त्या जाड पातेल्यात, मोटारीचे पाइप शिजले होते, ते तुला आठवत असेलच. एवढा चांगला गंज हातचा गेला, तो कोणती बाई विसरेल? मी आता तुझ्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी झाले आहे. गुडघे बोलतात, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही. पण तो एक दिवस अजून चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतो, आणि त्यात मी मला काही फारशी बरी दिसत नाही. म्हणून तुला लिहायला बसले आहे.

नवं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी नर्सचं शिक्षण पुरं करून एका धर्मादाय दवाखान्यात लागले होते, तेही सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. दवाखान्याकडं ती जुनी विलायती मोटार होती. कुणी परदेशी जोडपं पूर्वी तिच्यात संसार करत गावोगाव हिंडायचं, आणि मायदेशी परतताना ती दवाखान्याला देऊन गेलं होतं. आत पलंग, भिंतीतलं कपाट, भांडी घासायला एवढीशी मोरी, खिडक्यांना पडदे. लोक तिला घरमोटार म्हणायचे. आम्ही तिच्यात बाळंतपणं करायचो. त्या मोटारीत एक हीटर होता. इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी पाइपांतून तळाच्या फळ्यांखालून मागं यायचं, पलंगाखालच्या पेटीत फिरून पुन्हा पुढं जायचं, आणि आतली खोली ऊबदार व्हायची. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, जिथं वैशाखात माणूस सावलीत बसून भाजून निघतो, तिथं मोटारीला हीटर! ड्रायव्हरकाका म्हणायचे, नाकापेक्षा मोती जड. पण सातपुड्याच्या पायथ्याला पौषातली थंडी कशी असते, ते मी तुला काय सांगू? त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला एक सातव्या महिन्यातलं बाळ आम्ही त्या उबेत दवाखान्यापर्यंत जिवंत नेलं होतं. तेव्हापासून डॉक्टरबाईंचा माझ्यापेक्षा त्या हीटरवर जास्त विश्वास होता, आणि त्यांचं काही चुकत होतं असंही नाही.

तो पाइप फुटला तो नेमका आपल्या गावाच्या वेशीवर. जळगाव जामोदहून डोंगराकडच्या खेड्यांत निघालो होतो. एकदम वाफ, फळ्यांवर उकळतं पाणी, आणि मी दोन्ही पाय पलंगावर घेऊन बसलेली. आत कुणी बाळंतीण नव्हती हे नशीब. गाडी ढकलत ढकलत लोकांनी आपल्याच अंगणात आणून उभी केली, कारण गावात दुसऱ्या कुणाचं अंगण एवढं मोठं नव्हतं. काकांनी खाली वाकून पाहिलं. दोन्ही पाइप वळणाशी तडकलेले, नखानं टोकरलं तरी भुगा पडत होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं : इंजिनाकडची दोन्ही तोंडं बंद करून टाकू, गाडीला काही फरक पडत नाही, हीटरचं नाव विसरा. असले पाइप आता मुंबईतही मिळायचे नाहीत. डॉक्टरबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्या मूळच्या पुण्याच्या, बोलणं मोजकं. म्हणाल्या, ऊब नसेल तर या थंडीत मी गाडीत बाळंतपण घेणार नाही. उद्या दुपारपर्यंत भरवशाचा पाइप बसला तर पुढं जाऊ, नाही तर फेरी होळीपर्यंत बंद. फेरी बंद म्हणजे फेरीची नर्सही बंद, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला ते ऐकू आलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, पाइप कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा सिस्टर, पेशंटच्या पायाखालून जाणार आहे तो.

तू त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. आपल्या मळ्यातल्या पंपाचे पाइप तू दरवर्षी हाताळायचीस, भाजीचं पाणी तूच सोडायचीस. तू म्हणालीस, "बाई, पाइपाचं असं रायते का..." आणि मी तुला तिथंच तोडलं. म्हणाले, "आई, तुला यातलं काही कळत नाही. मध्ये बोलू नकोस." तू क्षणभर मागं वळून पाहिलंस, ही आई कुणाला म्हणते म्हणून. जन्मभर तुला माय म्हणणारी पोरगी डॉक्टरबाईंसमोर आई म्हणत होती, आणि तेही असल्या वाक्यात. तू तांब्या खाली ठेवून आत गेलीस. डॉक्टरबाईंनी पाणी घेतलं नाही, की घेतलं, ते मात्र मला आठवत नाही. त्या दुपारच्या एसटीनं दवाखान्यात परत गेल्या.

आपण तिघं जळगाव जामोदला गेलो. खरं तर मी आणि काका निघालो होतो, तू टोपलं घेऊन मागून आलीस. दोन जुड्या मेथी विकायची आहे म्हणालीस, आणि ती मेथी तू दुकानाच्या पायरीवर ठेवलीस ती परत निघेपर्यंत तिथंच होती. शेतीच्या इंजिनांचं सामान ठेवणारं दुकान होतं ते. काकांनी जुन्या पाइपाचा तुकडा मापाला नेला होता. त्या मापाचे तीन पाइप निघाले. एक हिरवा प्लॅस्टिकचा, नवा, गुळगुळीत, आतून काचेसारखा स्वच्छ. एक काळा रबरी, वांग्यासारखा चकचकीत. आणि तिसरा मागच्या फळीवरून धूळ झटकत काढलेला, मळकट, खरबरीत, कापडाचे वेढे दिसणारा. ट्रकवाल्यांनी कधी मागवला होता, तसाच पडून राहिला होता. मला हिरवा आवडला. स्वच्छ दिसणारी वस्तू चांगली असते, हे मी तीन वर्षं दवाखान्यात शिकले होते. मी दुकानदाराला हिरवा मोजायला सांगितलं.

तू म्हणालीस, कापून दे भाऊ, तिन्हीचा बोटबोटभर. दुकानदार हसला. आधी कापलेलं परत घेत नाही, म्हणाला. तू तुझ्या बाजारातल्या आवाजात त्याला सांगितलंस, "माह्या टरबुजाले तू दरसाल कापून मांगतं. मी कधी नाही म्हटलं का?" त्यानं कापून दिले. मी लाजेनं रस्त्याकडं पाहत राहिले. काका म्हणाले, घेऊ द्या सिस्टर, बोटभरानं काय होतं.

घरी आल्यावर तू चुलीवर डाळीचा गंज ठेवलास, निम्मा पाण्यानं भरलास, आणि आधण आल्यावर ते तिन्ही तुकडे त्यात सोडलेस. मी म्हणते, हे काय चालवलंस? तू चुलीच्या दुसऱ्या तोंडावर भाकरी टाकतेस. भाकरी झाल्या, पिठलं झालं, काका ओट्यावर जेवून उठले, तरी गंज रटरटतोच आहे, आणि घरभर जळक्या रबराचा वास. मी डोकं धरून बसले आहे. डॉक्टरबाई उद्या दुपारी येणार आणि माझी आई चुलीवर पाइप शिजवते आहे, एवढंच माझ्या डोक्यात. मग तू चिमट्यानं एकेक तुकडा काढून पाटावर ठेवतेस. हिरवा शिजलेल्या दोडक्यासारखा लोळागोळा झाला होता, चिमट्यात धरताच त्याचं तोंड मिटलं. काळा फुगला होता, बोटाला चिकटत होता, आणि गंजातल्या पाण्यावर त्याचा तवंग आला होता. मळकट तुकडा मात्र गेला तसाच बाहेर आला. तू तो दाबून पाहिलास, पिळून पाहिलास, माझ्या हातात दिलास. "कच्च्यात समदेच कडक असतेत पोरी. शिजल्यावर कळते."

माय, मी रोज सकाळी सुया आणि कात्र्या पातेल्यात उकळत होते. रोज. ज्या पाइपातून उकळतं पाणी जाणार, तो उकळून पाहावा, हे मला सुचलं नाही आणि तुला सुचलं. त्या वेळी मला कौतुक वाटलं असेल असं तुला वाटत असेल, तर तसं नव्हतं. मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी जाऊन मळकट पाइप आणला, पट्ट्या आवळून बसवला, आणि गाडी तास-दीड तास चालू ठेवली. थेंब गळला नाही. डॉक्टरबाई आल्या तेव्हा ते तीन तुकडे अजून पाटावरच होते. त्यांनी ते हातात घेऊन निरखले, हिरवा दोन बोटांत दाबला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं हसून पाहिलं. म्हणाल्या, "उकळून पाहिलेत? शाबास सिस्टर. हे एखाद्या नर्सलाच सुचणार." काका बॉनेटमध्ये डोकं घालून काही तरी शोधू लागले. मला एक वाक्य बोलायचं होतं, तेही लहानसं, आणि ते माझ्या जिभेपर्यंत आलंसुद्धा होतं. पण माझी नोकरी त्या वेळी त्या बाईंच्या हसण्यावर उभी होती, आणि मी ते गिळलं. मग त्या तुझ्याकडं वळल्या. मुलगी हुशार आहे हो तुमची, म्हणाल्या. तू पदराला हात पुसत होतीस. तू माझ्याकडं पाहिलंही नाहीस.

"हाव बाई. तिनंच सांगतलं मले. मी निस्ता जाळ घातला."

फेरी झाली. चौथ्याच दिवशी डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीवर एक अशक्त पोरगी आमच्या पलंगावर बाळंत झाली. बाहेर दात वाजत होते आणि आत ते तळहाताएवढं बाळ उघडं असूनही गुलाबी होतं. पलंगाखाली पाणी खळखळत होतं. मी त्या पेटीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसले. तुझी आठवण आली आणि मी ती बाजूला सारली. होळीच्या आधी मला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. पहिल्या पक्क्या पगारात मी तुझ्यासाठी नवा गंज आणला, कारण जुन्याचा वास काही गेला नव्हता आणि तू त्यात गुरांची ढेप भिजवायला लागली होतीस. तू विचारलंस, कायले आणला वं? मी म्हटलं, असाच. तू तो उलटासुलटा करून पाहिलास, टिचकी मारून आवाज ऐकलास आणि म्हणालीस, जाड आहे, चांगला आहे. त्या संध्याकाळी मी तुझ्याजवळ बसले होते, आणि तू वाट पाहत असल्यासारखी मला वाटलीस. कदाचित तसं नसेलही. तू मेथी निवडत होतीस, एवढंच खरं.

पुढं मी नर्सिंगच्या शाळेत शिकवायला लागले. तू गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दर वर्षी नव्या मुलींना मी ही गोष्ट सांगायचे. वहीतलं ज्ञान वेगळं आणि नजर वेगळी, हे शिकवायला तिच्यासारखी गोष्ट नाही. पहिल्या वर्षी मी म्हटलं, आम्ही पाइप उकळून पाहिले. मग कधी तरी 'आम्ही'चं 'मी' झालं. कोणत्या वर्षी झालं, ते मला सांगता येणार नाही. खोटं बोलायला बसले आहे असं एकदाही वाटलं नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

गेल्या आठवड्यात त्या शाळेनं आम्हा जुन्या शिकवणाऱ्यांचा सत्कार केला. माझी एक विद्यार्थिनी, आता स्वतःच केस पिकलेली, माइकवर ती गोष्ट सांगत होती. फार छान सांगितली. तिच्या गोष्टीत मी चुलीवर पाइप उकळते आहे आणि माझी अडाणी आई माझ्यावर ओरडते आहे, तुले काही कळत नाही, माहा गंज नासवला म्हणून. तिनं तुझा आवाज काढला. सभागृह हसलं. हे मी त्यांना कधी सांगितलं होतं? सांगितलंच असणार. मुली मनचं कशाला घालतील? कधी तरी वर्ग पेंगत असेल, हशा हवा असेल, आणि मी तुझ्या तोंडी माझंच वाक्य घातलं असेल. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी माइकपाशी गेले. सगळे उभे राहिले होते, टाळ्या थांबत नव्हत्या. मी हात जोडले, आभार मानले आणि जागेवर येऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, रडता कशाला? मी म्हटलं, आनंदानं.

तेव्हापासून रोज थोडं थोडं हे लिहिते आहे. तू काही मागितलं नव्हतंस. तू जे दिलंस ते मला पुरलं, नोकरीला पुरलं, म्हातारपणाला पुरलं. त्यावर मी तुझी नक्कलही करून दाखवली. माझं चुकलं, माय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते माहीत आहे. आणि तू असतीस तरी तुला अक्षर येत नव्हतं; मी गावी आले की मलाच ते वाचून दाखवावं लागलं असतं. तू पदर सावरून समोर बसली असतीस, काय लिवलं वं एवढं, म्हणाली असतीस. खरं सांगते, मी ही सगळी पानं उलटून टाकली असती आणि तुला एवढंच वाचून दाखवलं असतं, की माझी तब्येत बरी आहे, तू तुझी जप.