सात नंबरचा रंग

लातूर
१४ जुलै २०२४

ती. गोदाआत्यास,
मुकुलचा कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारण लिहीत बसलो तर पत्र कारणातच संपेल, म्हणून ते सोडून देतो. मी बरा आहे. दोन्ही वेळ जेवतो. अकरमभाईंच्या वर्कशॉपात मला आठ महिने झाले. हे मुद्दाम लिहितो, कारण बारावीची परीक्षा टाकून पळालो तेव्हापासून मी आठ महिने कुठंच टिकलो न्हाई. धर्माबादला मिरचीच्या अडतीवर तर अकराव्या दिवशी चपला हातात घेऊन निघालो होतो. दिवसभर शिंकूनच राहिलो होतो, काम कधी करायचं?

तर मुद्दा असा. मेच्या वावटळीत तुझ्या गच्चीवरचा पत्रा उडाला, तिथं मी पट्ट्यांचं छत बसवून देतो. अकरमभाई त्याला लोव्हर म्हणतात. अल्युमिनियमच्या लांब पट्ट्या एकीशेजारी एक, आणि कडेला एक दांडा. दांडा फिरवला की सगळ्या पट्ट्या एकदम उभ्या राहतात, वारा येतो. उलटा फिरवला की आडव्या होऊन एकमेकींवर बसतात, पाऊस बाहेर. थंडीत अर्ध्या उघडल्या की अंगावर उन्हाचे पट्टे. परवा एका हॉटेलात बसवलेल्या छतात चिमणीनं घरटं केलं, मालक दांडा फिरवायला तयार न्हाई. पिल्लं उडेपर्यंत गिऱ्हाइकं उन्हात. पण ते जाऊ दे.

माप मागल्या खेपेला घेतलेलं आहे, तुझ्या एका खाटेपुरतं, रुंदी सात फूट. फक्त रंग तू सांगायचा. सोबत कार्ड आहे, पंधरा चौकोन, प्रत्येकाखाली नंबर. आमच्याकडं रंग बंदुकीनं भुकटीसारखा उडवतात आणि भट्टीत भाजतात. एकदा भाजला की पंधरा-वीस वर्षं बदलणं न्हाई. म्हणून घाई करू नकोस.

फोनवर मी नुसतं हाव-न्हाई करतो आणि कागदावर खरं बोलतो, हा तुझा आरोप मान्य आहे. तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
मुकुल

---

नांदेड
२२ जुलै

चि. मुकुल यास,
गोदाआत्याचे अनेक उ. आ.

पत्र पोचले. दोन बैठकांत वाचले, कारण तुझे अक्षर म्हणजे साखरेला लागलेल्या मुंग्या. पुढच्या वेळी मोठे लिही. घरातली ट्यूबही मंद झाली आहे. वायरमन म्हणतो नवीन आहे. हल्लीच्या ट्यूबच तशा असतील.

रंग ठरला. सात नंबर. पांढरे छत मला अजिबात नको, पांढरे म्हणजे दवाखाना. मुखेडच्या शाळेत माझ्या वर्गाची खिडकी ज्वारीच्या रानाकडे होती. दाणा पक्का झाला की संबंध रान पिवळसर, मऊ दिसायचे. मुले पाढे म्हणायची आणि मी तिकडे बघत उभी राहायची. हेडमास्तरांनी दोनदा पकडले आहे. निवृत्तीनंतर पडल्या पडल्या वर बघायला तो रंग मिळाला तर आणखी काय पाहिजे? सात नंबर अगदी तोच आहे.

खाली सदफ बरी आहे. तिची शिलाई जोरात आहे, दिवसभर मशीनचा आवाज येतो, सोबत वाटते. ती हे पत्र टाकून येईल.

आठ महिन्यांचे कळले. आणखी आठ व्हावेत. लोभ आहेच, तो मागायची गरज नाही.

तुझी,
आत्या

---

लातूर
२ ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

हे मोठं लिहून राहिलो, बघ. कागद लई लागतो.

तुझं पत्र वाचून मी आमच्या इथलं कार्ड काढलं. सात नंबरमध्ये मला ज्वारी दिसेना. मग म्हटलं, तू एकतीस वर्षं वह्या तपासलेल्या, तुला जे बारीक दिसतं ते मला कुठून दिसणार? अकरमभाईंना दाखवलं. ते मला देगलूरकडच्या कामाला घेऊन गेले.

तिथं मलप्पा म्हणून एक जण आहे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात तो हिंगुळी लाल त्याला छताला पाहिजे होता, रस्त्यावरून जाणाऱ्यानं थांबून बघावं म्हणून. अकरमभाईंनी वाद घातला न्हाई. तसल्याच लाल पत्र्याचा तुकडा बांबूवर आडवा बांधला, भर दुपारी खाली खाट टाकली आणि मलप्पाला म्हणाले, घटकाभर पडा, वर दही खा. वाटीतलं दही लाल. मलप्पाचे हात लाल. बायको हसायला लागली, तर तिचे दात लाल. ब्याड, ब्याड करत उठला तो, म्हणजे कन्नडात नको, नको. अकरमभाई मला म्हणाले की छताचा रंग रस्त्यावरून बघायचा नसतो, त्याच्याखाली जो पडणार त्यानं पडून बघायचा.

म्हणून सात नंबरची एक पट्टी भाजून एसटीच्या पार्सलनं पाठवली आहे. दुपारी बाराला गच्चीत खाट टाक, कुणाला तरी पट्टी वर धरायला सांग, आणि झोपून बघ. शेजारच्या कुठल्या वस्तूशी रंग ताडून लिही. तोवर आम्ही बाकीच्या कापत न्हाई.

रागावलीस तरी लोभ तेवढाच राहू दे.

मुकुल

---

नांदेड
११ ऑगस्ट

चि. मुकुल यास,
अनेक उ. आ.

पट्टी आली. तू सांगितलेस तसे सगळे केले, वयाची साठी उलटल्यावर भर दुपारी गच्चीत आडवी झाले. समोरच्या बाईंनी विचारले, चक्कर आली का? सदफने स्टुलावर उभे राहून पट्टी धरली.

ज्वारीच, मुकुल. तुझ्या अकरमभाईंना सांग, बाईंची नजर चुकत नाही. डोळ्यांना अगदी शांत वाटले. सदफ मात्र सारखी मान वळवत होती, म्हणे झळ लागते. उन्हाची तिला सवय नाही, दिवसभर मशीनवर असते.

पट्टी आता गच्चीच्या त्या करड्या दाराला टेकवून ठेवली आहे. करड्याशेजारी पिवळसर फार शोभून दिसते. तेव्हा कापा खुशाल.

कामात लक्ष ठेव. चिमण्यांकडे बघत शिडीवर चढू नकोस. आशीर्वाद आणि लोभ दोन्ही सोबत धाडते.

आत्या

(मुकुलभाई, सलाम. पत्र टाकायला माझ्याकडं आहे म्हणून कोपऱ्यात लिहिते. पट्टी पांढरी आहे. मी दोऱ्याची रिळं लावून बघितली, दुधासारख्या पांढऱ्या रिळाशी जुळली. बाईंना बोलले नाही. मागच्या महिन्यात त्यांनी जांभळ्या ब्लाउजला तपकिरी अस्तर पसंत केलं, तेव्हाही बोलले नाही. तुम्ही बघा. सदफ)

---

लातूर
१६ ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आत्या, दार निळं आहे.

मीच दिला तो रंग. मागल्याच्या मागल्या दिवाळीत. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच निघून गेलो, तुला न सांगता, आणि जाताना वाटलं की निदान दार तरी निळं करून गेलो. रंगवताना घातलेल्या चपला अजून माझ्याकडं आहेत, अंगठ्यापाशी निळा ठिपका आहे. आत्ता काढून बघितल्या. निळाच आहे.

आणि पट्टी पांढरी आहे. तू नको म्हणालीस तोच रंग. मला पहिल्याच पत्रात कळायला पाहिजे होतं. ट्यूब मंद, अक्षर मोठं काढ, तुझ्या स्वतःच्या ओळी उजवीकडं उतरून राहिल्या. मी आपला चिमण्यांचं लिहीत बसलो.

सदफभाभीला रागावू नकोस. डोळे कधी दाखवलेस? आणि दाखवले असशील तर काय सांगितलं? या वेळी तूच हाव-न्हाई करू नकोस.

मुकुल

---

नांदेड
२३ ऑगस्ट

चि. मुकुल यास,
अनेक उ. आ.

हे पत्र मी सांगते आहे आणि सदफ लिहिते आहे. लपवायला आता काही उरलेले नाही.

दाराचे मला तेव्हाच वाटले होते की दुकानदाराने पोराला निळा म्हणून करडा डबा दिला. पण तू हौसेने रंगवले होतेस आणि गेला होतास. कोणाशी बोलणार? म्हणून गप्प राहिले. एवढे दिवस दुकानदाराला मनात नावे ठेवली, बिचारा.

मोतीबिंदू आहे. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही डोळे, उजवा जास्त. ऑपरेशन अर्ध्या तासाचे. त्याची भीती नाही. पण नंतर पाच आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे, सुरुवातीला दर दोन तासांनी. माझा हात कापतो. पाण्याने सराव करून पाहिला, सगळे थेंब गालावर. सदफ लगेच मी घालते म्हणाली, आत्ताही लिहिता लिहिता तेच म्हणते आहे, पण तिच्या घरात पाच माणसे आहेत आणि मशीनवर कामाचा ढीग आहे.

तुला कळवले असते तर तू आला असतास. म्हणूनच कळवले नाही. आठ महिने टिकलो असे लिहिलेस ना, ती ओळ मी सदफकडून पुन्हा दोनदा वाचून घेतली होती. तुझे कुठेतरी बूड टेकले, ते माझ्या डोळ्यापायी उठायला नको. अंधुक दिसले तर काय बिघडते? ज्वारी दिसते आहे ना.

तुझा लोभ पत्रातून पोचतो, तेवढा पुरे.

आत्या

---

लातूर
२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

अकरमभाईंना सांगितलं. त्यांनी हातातली बंदूक खाली ठेवली, तोंडावरचं फडकं काढलं आणि विचारलं की मी आजवर किती ठिकाणांहून न सांगता पळालो. मी मोजलं, सहा. ते म्हणाले, सांगून जातोयस ही पहिलीच वेळ, म्हणजे परत येशील. माझा डबा आणि लॉकरची किल्ली जागेवर ठेवली आहे.

सोमवारच्या एसटीनं निघतो. डॉक्टरांकडून तारीख घे. रंगाचं कार्ड फेकू नकोस.

मुकुल

---

नांदेड
२० ऑक्टोबर

चि. मुकुल यास,
अनेक उ. आ.

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. ओळी सरळ आहेत की नाही, पट्टी लावून बघ.

तू गुरुवारी गेलास. पाच आठवड्यांत तू एकही थेंब चुकवला नाहीस. कोथिंबीर आणायला गेलास आणि कोणाची तरी सायकल दुरुस्त करून दीड तासाने परत आलास, तेही कोथिंबिरीशिवाय. पण थेंबांच्या वेळेला दारात हजर. शाळेत अशी वेळ पाळली असतीस तर मला हेडमास्तरांपुढे तुझी बाजू घ्यावी लागली नसती.

आता रंगाचे. तू होतास तेव्हा तू विचारले नाहीस आणि मी बोलले नाही, कारण मला एकटीने बघायचे होते. काल बारा वाजता गच्चीत गेले. दार निळे आहे. इतके निळे की मी दाराशीच बसून राहिले. पट्टी दाराला टेकलेली होती. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिली, ज्वारी. डावा झाकून नव्या उजव्याने पाहिली, पांढरी फटक, दवाखाना. एकच पट्टी. हा नाही तर तो, असे किती वेळ करत होते कोण जाणे. समोरच्या बाईंनी पुन्हा विचारले, बरे आहे ना?

आधी वाईट वाटले. मुखेडची ज्वारी म्हणून ज्यावर जीव लावला, तो माझ्याच डोळ्यातला गढूळपणा होता. मग वाटले, रंग पट्टीत नव्हता तरी माझ्या मनात तर होता. खिडकीतून पाहिली होती ती ज्वारी खरीच होती, तेव्हा माझे डोळे तिशीचे होते. आणि दुसरे सुचले ते मास्तरकीचे. जानेवारीत डावा डोळाही होईल. मग ती ज्वारी पुन्हा दिसायची नाही. तिला पकडायचे तर आत्ताच. म्हणून डाव्या डोळ्याने पट्टी पाहायची, तो झाकायचा आणि उजव्याने कार्डावर तसाच चौकोन शोधायचा. तीन वेळा केले, तीनही वेळा एकच आला. सदफने रीळ लावले, ती म्हणाली पिकल्या दाण्याचा रंग. अकरा नंबर. डोळे मिटून भाजा.

अकरमभाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची पट्टी मी परत देणार नाही.

एक आणखी. तू जाताना नमस्काराला वाकलास तेव्हा तुझी मान दिसली. उन्हाने पार करपली आहे. मनगटावर भट्टीचे दोन डाग आहेत, एक जुना, एक ताजा. इतके दिवस मला तू पूर्वीसारखाच उजळ दिसत होतास. काय लागले, कधी लागले, मी विचारले नाही. राहायला ये असेही म्हणत नाही. दहावा महिना, अकरावा महिना, तिथेच पुरे कर.

आता दिसते आहे तेव्हा लोभ डोळे उघडे ठेवून करते.

तुझी,
आत्या

ता. क. माप राहिलेच. पट्ट्या कापायच्या आत सांगते. रुंदी सात नको, बारा फूट कर. माझी खाट आहे तिथेच राहील. दुसरी दाराकडे टाकेन, वारा तिकडून येतो.