एकाच पंखाची पिसं

अष्टमी, दिवेलागण

परवा दसरा. शिलांगणाला देवळापुढून शिवेपलीकडं सोडायचा बाण दरसाली आमच्या घरचा. आज कारवीची काठी निखाऱ्यावर शेकून सरळ केली, कोंबड्याची तीन पिसं दोऱ्यानं बांधली आणि मागच्या वावरात सोडून बघितला. भेलकांडत गेला आन् भातात पडला.

चूक माझीच. तिन्ही पिसं एकाच पंखाची लागतात, सगळी डावी न्हाईतर सगळी उजवी. म्या मिसळली. पिसं निवडायचं काम बायकोचं, कमलचं. पीस नुसतं गालाला लावायची आन् म्हणायची, "अवो, हे उजवं हाय, बाजूला ठिवा." इतक्या वर्सांत मी शिकलो न्हाई. का शिकलो न्हाई? ती होती म्हणून.

सांजच्याला गुरव दारात येऊन गेला. "आबा, झाला का बाण?" म्हणलं, व्हय, झाला. खोटं कशापायी बोललो?

तो गेल्यावर तिचा पिसांचा डबा उघडला. तळाशी तीन पिसं, एकाच पंखाची, लाल दोऱ्यानं बांधलेली. शिमग्याच्या आधी गेली ती. औंदाच्या दसऱ्याचं तवाच करून ठेवलं व्हतं.

ही पिसं लावली तर बाण सरळ जाईल. आन् शिवेपार गेलेला बाण परत आणायचा न्हाई, अशी रीत.

कवापास्नं जुडी हातात घेऊन बसलोय. गाठ सुटंना. तिनं मारलेली, घट्ट हाय.

हितं तरी खरं लिहावं. म्या जोर लावलाच न्हाई.