नऊ नंबरची माती

१९ जून, सकाळ

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, गुडघा सोडून. गुडघ्याचं आणि माझं हल्ली बोलणं नाही. आचारी सुट्टीवर गेलाय, त्यामुळे संशोधन केंद्रातली सगळी मंडळी माझ्या हातचं खातात आणि मुकाट्याने आपापली ताटं धुतात. नावं कोणी ठेवत नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेणाराही अजून सापडला नाही. पत्रास कारण आहेच, पण ते जरा खाली येईल. आधी खुशाली सांगून घेतो.

यंदा बर्फ एकोणीस दिवस लवकर वितळला. मी इथे झाडं मोजायला लागलो तेव्हा जूनमध्येसुद्धा केंद्राचं दार उघडायला फावडं लागायचं. आता त्याच उतारावर विलोची झुडपं कमरेला लागतात. पूर्वी ती माझ्या गुडघ्याच्या वर कधी आली नव्हती, आणि तेव्हा गुडघाही धड होता. मोजणीच्या तीन नंबरच्या चौकोनात यंदा दगडफूल औषधालाही उरलेलं नाही. शेवाळ आहे, पण पिवळट. झुडूप वाढलं की खालच्या या बारक्या मंडळींचं ऊन जातं, आणि ती तक्रार न करता निघून जातात.

तुझं पार्सल मिळालं. माती भरायच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या तूच चिकटवल्यास ना? तिरक्या आहेत, म्हणून ओळखलं. वीस चौकोनांपैकी एकोणिसांत झुडूप शिरलं, मग नऊ नंबरातच का नाही, हे तुला मातीत शोधायचंय. रविवारी फोनवर किती खुशीत होतीस तू! "बाबा, नऊ नंबर या झुडपांना भीकच घालत नाही बघ. त्याच्याकडे असं काहीतरी आहे जे बाकीच्यांकडे नाही. ते सापडलं तर बाकीच्या जागाही वाचवता येतील!" मी "हो का" म्हटलं आणि गुडघ्याचं रडगाणं लावलं. त्याच्या आदल्या रविवारीही तेच केलं.

माती पाठवत नाहीये. मातीत काही नाही, बाळा.

मध्ये उठून चहा करून आलो. तो प्यायलोही. आता आणखी काही करण्यासारखं उरलं नाही, तेव्हा सांगतो.

मोजणी कशी चालते ते तुला पाठ आहे. जमिनीवर चौकट ठेवायची, दोऱ्यांच्या प्रत्येक गाठीपाशी सळई खाली सोडायची, आणि ती ज्याला टेकेल त्याचं नाव घ्यायचं. मी पालथा पडून नावं घ्यायचो आणि तुझी आई स्टुलावर बसून लिहायची. पंचवीस उन्हाळे असे गेले. एक नावं घेणार, दुसरा लिहिणार, हा नियम. आणि त्याहून मोठा नियम, हात लावायचा नाही. वाळकं पान आडवं आलं तरी बाजूला सारायचं नाही.

आईचा जीव नऊ नंबरात होता. तिथलं आम्ही बटण म्हणायचो ते रोपटं, टाचण्या खोचायच्या गादीएवढं हिरवं, आणि त्यावर मोहरीएवढी पांढरी फुलं. त्याची फुलं मोजताना ती मला दोनदा मोजायला लावायची. शेवटच्या उन्हाळ्यात तिला चढ चढवेना. खिडकीशी पडून असायची. मी वरून आलो की बूट काढायच्या आत विचारायची, "नऊचं काय?"

त्या वर्षी नऊमध्ये विलोचे दोन कोंब आले होते. बटणाच्या अगदी कुशीत. मी बराच वेळ बघत बसलो आणि मग दोन्ही उपटून खिशात टाकले. घरी येऊन म्हणालो, "मजेत आहे तुझं बटण. तेवीस फुलं." ती हसली. "दोनदा मोजलीस ना?" म्हणाली.

त्याच हिवाळ्यात ती गेली.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण पुढच्या उन्हाळ्यात नऊपाशी गेलो तर चार कोंब. वाटलं, हे असेच सोडले तर आपण तिला शेवटी जे सांगितलं ते खोटं पडेल. उपटले. त्याच्या पुढच्या वर्षी सात. केंद्रात सांगितलं की नऊ नंबर मी एकटाच करतो, लिहायला कोणी नको. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बायको गेलेल्या माणसाला कोण उलटं विचारणार? त्याचा मी फायदा घेतला, ठमे. सगळे मिळून सहा उन्हाळे उपटत राहिलो.

तू विचारतेस, नऊ नंबरकडे असं काय आहे जे बाकीच्यांकडे नाही. त्याच्याकडे मी आहे.

गेल्या हिवाळ्यात जुन्या वह्या चाळत होतो, तुला आकडे हवे होते म्हणून. त्यात तुझं पान निघालं. सात वर्षांची होतीस, नऊमधलं फूल तोडलंस, आणि मी तुला रडवून ते वहीत लिहायला लावलं. "आज मी नऊ नंबरमधले एक फूल तोडले. मुद्दाम तोडले. सुंदर होते म्हणून." खाली सही. आई माझ्यावर किती चिडली होती! "मुलगी आहे ती, बकरी नाही," म्हणाली होती. ते पान वाचल्यावर मला वही मिटता येईना. तू सात वर्षांची असताना जे लिहिलंस ते मला एकसष्टाव्या वर्षी लिहिता आलं नव्हतं.

आणि गंमत बघ, एवढं करून बटण वाचलेलं नाहीच. जानेवारीत बर्फाऐवजी पाऊस पडला, मग तो गोठला आणि महिनाभर काचेसारखा जमिनीवर बसला. आता अर्ध्याहून जास्त बटण तपकिरी पडलंय. फुलं दोन. शेजारी झुडूप नाही, सावली नाही, तरी. म्हणजे झुडपं उपटून मी तुझ्या आईचं फूल राखतोय असं वाटत होतं आणि मरण भलत्याच दारातून आलं. हे तुझ्या कामाचं असेल तर वापर, पण माझी लबाडीही सोबत लिही.

यंदाचे नऊ कोंब जागेवर आहेत. त्यांना हात लावलेला नाही. काल केंद्राच्या बाईंना सगळं सांगितलं. खरं तर आधी तुला सांगायला हवं होतं, पण तुला सांगायचं धैर्य यावं म्हणून आधी दुसऱ्या कोणाला सांगून बघावं लागलं. त्या मग म्हणाल्या, "सहा वर्षांचे नऊचे आकडे रद्द करावे लागतील." मी म्हटलं, "हो." यापुढे मोजणी दुसरं कोणीतरी करेल. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तुझं या कामावरचं भाषण तीस तारखेला आहे. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून आजच्या टपालाने धाडतोय. नऊ नंबर काढल्यावर तुझ्या शोधनिबंधाचं काय उरतं, मला माहीत नाही. चार वर्षं त्यावर राबलीस. दर वेळी मला फोन करून आकडे विचारलेस, आणि मी तुला ते स्वतः दिले. माफी मागतोय, पण ती मिळायलाच हवी असं नाही.

एक ऐक मात्र. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तो आईवर गेलाय. तू म्हणशील, बाबांचं नाव कशाला, "नोंदी अपुऱ्या होत्या" असं काहीतरी मोघम लिहून टाकू. तसं करू नकोस. मोजणीदाराने सहा वर्षं झुडपं उपटली, असं सरळ लिही, आणि कोणी विचारलं तर तो माझा बाप आहे हेही सांग. माझ्यावरच्या मायेपोटी तू एक शब्द जरी वाकवलास, तर मी केलं तेच तू करशील, आणि ते मला बघवणार नाही.

रागावली असशील तर रागावूनच फोन कर. गुडघ्याचं काढणार नाही.

कालपासून मोजणीदार नाही, नुसता तुझा,
बाबा