मागल्या दारची जागा

अल मनखूल, दुबई
१२ मार्च १९९८

सरकारी माणसांना घराचा इतिहास सांगायला बसलात, तर पुरता सांगायचा होता. तुमच्या आजोबांचे दोन बैलसुद्धा त्या कागदात आलेत, आणि आपली पोर नाही.

अंतराच्या आजोबांना नमस्कार. इथे सगळे खुशाल. तुमचा फॅक्स आपल्या श्रीनाथने ऑफिसातून आणून वाचून दाखवला. घर वारसा यादीत गेलं, बरं झालं. आजोबांनी रान मोडून वस्ती केली, विहीर खणली, सगळं खरं. पण बघायला येणाऱ्यांसाठी मागल्या दारी संडास बांधणार, हे ऐकलं आणि त्याला पुढचं वाचू दिलं नाही.

अंतरा विचारते, "आजी, व्हाय आर यू क्रायिंग?" म्हटलं, कांदा चिरतेय. हातात खजूर होता.

आपली पोर नऊ दिवसांची होती. बारशाआधी गेली, म्हणून नाव नाही. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून तुम्हीच तिला मागल्या दारच्या शेवग्याखाली पुरलंत, वर दगड ठेवलात. चाळीस वर्षांत एकदाही त्यावर बोलला नाहीत. विसरलात असं मी म्हणत नाही.

घरावर लावतील त्या सरकारी पाटीवर तिचं काही नको. फक्त संडास गोठ्यापलीकडे न्यायला सांगा.

गुडघ्याला तेल लावता का? इथे आठव्या मजल्यावर तुळससुद्धा विकतच्या मातीत आहे.

तुमची भागीरथी

उत्तर पुतण्याकडून लिहून घेऊ नका. सरकारी माणसांना तिची जागा दाखवलीत की नाही, ते तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा.