आबांची गाठ

अमरावती, बुधवार, ऑक्टोबर १९४२

प्रिय उत्तम,

हे पत्र एकट्याने वाच आणि वाचून झालं की देवीदासच्या चुलीत घाल. टपालाने धाडायची सोय नाही, हल्ली आपली पत्रं आधी पोलीस वाचतात. म्हणून मैनाबाईच्या विड्याच्या पानांच्या टोपलीत तळाशी ठेवतो आहे, ती उद्या बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसेल. शनिवारच्या आत हे तुझ्या हातात पडलंच पाहिजे. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती तुझ्या जिवावर येऊ शकते. सरळ सांगायला मला जमत नाही, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. आधी जरा कुरकुर करू दे, मग सांगतो.

इथे सगळ्याचाच वैताग आहे. घासलेट मिळत नाही, गाड्या वेळेवर येत नाहीत, विहिरीची मोट फाटली तर मोचीकडे चामडं नाही. कुणाला विचारावं तर लढाई चालू आहे म्हणतात. लढाई तिकडे, आणि मोट फाटते माझी! रामराव न्हावी गळ्यावर वस्तरा ठेवून रशियाची आघाडी समजावून सांगतो. पटलं नाही तरी मान हलवायची सोय नाही. वऱ्हाड म्हणे कागदावर निजामाचं, राज्य इंग्रजाचं, हुकूम नागपूरचा, आणि वाफ्यातला चिखल तेवढा आपला. त्यात तुम्हा लोकांचे हरताळ. ऑगस्टपासून बाजार किती वेळा बंद झाला, मोजणं सोडून दिलं. हरताळ तुमचा आणि कुजतो माझा झेंडू. एकदा अख्खी शेवंती गाईपुढे टाकली, तर तिनेही तोंड फिरवलं.

यावरूनच आपलं भांडण झालं होतं ना? स्वराज्य आलं तरी अंबादेवीपुढे बसून हार मलाच बांधायचे आहेत, असं मी म्हणालो. तू म्हणालास, दादा, तेव्हा ते कुणापुढे वाकून बांधावे लागणार नाहीत. मला राग आला. जातोस तर जा, पुन्हा माझ्या दुकानी हार बांधायला बसू नकोस, असं तोंडातून निघून गेलं. तू चप्पल घातलीस आणि गेलास. दोन महिने झाले. आपल्या बहिणीच्या, शकुनच्या सासरहून उडत उडत कळलं, की तू देवीदास हारवाल्याचा भाचा म्हणून अकोल्यात राजेश्वराच्या देवळाजवळ हार विकतोस. एवढ्यावर तुझ्या वहिनीने आणि मी दिवस काढले.

आता सोमवारची गोष्ट. नवरात्राची गर्दी होती. फौजदार दुकानाशी आला आणि कोमेजलेला एक हार पुढे धरला. बडनेरा स्टेशनवर अकोल्याच्या गाडीतून उतरलेली एक टोपली पोलिसांना सापडली होती. आणणारा टोपली टाकून पळाला. हारांच्या आत तुमची ती बंदी घातलेली पत्रकं गुंडाळलेली होती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी त्याने टोपलीचं नावही काढलं नाही. नुसतं गोड बोलून म्हणाला, काय सुरेख काम आहे, किसनराव म्हणतो असं काम अमरावतीत त्याच्याशिवाय कुणाला येत नाही.

समोरच्या दुकानातल्या किसनरावाचं काम तू पाहिलं आहेस. केळीच्या सोपटाची दोन्ही टोकं उंदराच्या शेपटीसारखी बाहेर लोंबतात. मी हार हातात घेतला, पालथा केला, आणि उत्तम, मला गाठ दिसली. दोन वेळा उलटं फिरवून टोक आत दडवलेलं, आपल्या आबांनी मला आणि मी तुला शिकवलं तसं, देवाच्या गळ्याला टोचू नये म्हणून. दोन महिन्यांनी मला तुझा हात दिसला. तू धड आहेस, नीट बांधतो आहेस, काही विसरला नाहीस. मला इतका आनंद झाला की अक्कल गहाण पडली. मी भर बाजारात ओरडलो, "किसनरावच्या बापाले तरी जमली काय अशी गाठ? ही आमच्या घरची हाय! साऱ्या अमरावतीत दोघंच बांधतात, मी अन् माहा भाऊ!"

फौजदार हसला आणि म्हणाला, भाऊ सध्या कुठे असतो? तेव्हा कुठे मला त्याचा डाव कळला. मी म्हणालो, भांडून गेला, ठाऊक नाही. त्याने हार रुमालात बांधून नेला. घरी आल्यावर तुझी वहिनी एवढंच म्हणाली, "तुमच्या तोंडाले कुलूप काहून नाही लावत?" तिचं बरोबरच आहे. मी हे तुझा वैरी म्हणून सांगितलं नाही रे, अभिमानाने सांगितलं. पण त्यांना काय, कसंही सांगितलं तरी चालतं.

आता नीट वाच. शनिवारी फौजदार मला घेऊन अकोल्याला येणार आहे. तुझा चेहरा त्यांच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, म्हणून मला दुकानादुकानातून फिरवणार. मी नाही म्हणून मान हलवीन, पण गाठ तो स्वतः पाहणार आहे, ती त्याला आता माझ्याइतकीच पाठ झाली आहे. पळू नकोस. हारवाल्यांची यादी त्याच्याकडे आहे. ऐनवेळी जो नाहीसा होईल तोच तू ठरशील, आणि देवीदासची बायकापोरं भोगतील. दुकानावरच बैस आणि किसनरावासारखे हार बांध. गाठ ढिली ठेव, टोकं बाहेर लोंबू दे. आज रात्रीपासून सवय कर, नाहीतर हात आपोआप आबांच्या वळणाने जाईल. मी तुझ्यापुढे थांबेन, हार उचलीन, चार माणसांत तुला नावं ठेवीन, कोण्या गाढवानं शिकवलं म्हणेन. ऐकून घे. मान मात्र वर करू नकोस. तू पाहिलंस तर माझं सोंग टिकायचं नाही. आबांची गाठ तेवढे दिवस विसर. सगळं निवळलं की घरी ये आणि माझ्या दुकानी, माझ्या शेजारी बैस. मी तुला ती पहिल्यापासून शिकवीन.

तुझाच,
गाढव
नत्थूदादा