पांढरी गाडी शुभांगीकडे जावी

मी, धोंडीराम चिमाजी विधाते, वय ७१, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, माझ्यामागे काय कोणाचे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणी गळ घातलेली नाही, कोणी धाकही दाखवलेला नाही. तो दाखवणारा अजून जन्माला यायचा आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहते घर पत्नी सिंधुबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. त्यानंतर मुलगा भारत आणि मुलगी शुभांगी यांचे निम्मे निम्मे.

कलम २. स्वकष्टाने घेतलेला मळा, विहीर आणि टेम्पो भारतला. तो झेंडू माझ्यापेक्षा चांगला पिकवतो. हे त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ३. २००९ सालची पांढरी डिकीवाली गाडी शुभांगीला. भारत म्हणतो, जुनी झाली, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. देऊ नये. पंधरा वर्षे भरल्यावर आरटीओने तपासून तिला आणखी पाच वर्षे लिहून दिली आहेत; मला तेवढी कोणी दिलेली नाहीत.

तिच्या खोडी शुभांगीला ठाऊक आहेत, तरी लिहितो. मागची डावी काच हाताने धरून वर घ्यावी लागते. थंडीत पहिला किलोमीटरभर दुसरा गिअर अडतो, जोर लावू नये. खड्ड्यात पुढून खटखट आली तर बुश बदलावेत, घाबरू नये. टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या वर गेला की गाडी बाजूला घ्यावी, आणि गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. भारतने एकदा उघडले आहे. इंजिन मात्र दोन लाख किलोमीटरनंतरही खोललेले नाही. रस्त्यात तिने मला एकदाच थांबवले, तेही मी हट्टाने जुनी बॅटरी चालवत होतो म्हणून.

कलम ४. यात वाटणी काही नाही, पण हा कागद याच्यासाठीच काढला. गाडी मी २०१३ साली धाकटा भाऊ सोमनाथ याच्याकडून घेतली. तो घोटीला तांदळाचा व्यापार करतो. पुढच्या पावसाळ्यात डाव्या सीटपुढे पायाखाली पाणी साचू लागले, कुबट वास येऊ लागला. नाशिकमधल्या द्वारकेच्या अमोल मेकॅनिकने सांगितले, ही बुडालेली गाडी नाही, पाणी वरून कुठून तरी येते आहे. मला वाटले, हाही सोमनाथला सामील. त्याच वर्षी शुभांगीच्या साखरपुड्यात, पंगत बसलेली असताना, मी सगळ्यांसमोर म्हणालो, "घोटीच्या पुरात बुडालेली गाडी याने सख्ख्या भावाच्या गळ्यात मारली." सोमनाथने समोरचे ताट सरकवले आणि उठून गेला. पुतणीच्या लग्नालाही आला नाही. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही, आणि गाडीत दर पावसाळ्यात पाणी येतच राहिले.

गेल्या श्रावणात शुभांगी माहेरी आली होती, गाडी धूत होती. वायपरखालच्या जाळीतून झेंडूचे रोप वर आलेले तिला दिसले. तिने जाळी काढली. पाणी निघून जायच्या भोकात कुजलेल्या झेंडूचा बोळा बसला होता, म्हणून पावसाचे पाणी तुंबून आत उतरत होते. दसऱ्याला लोक गाडीला हार घालतात आणि काढतात. मी फुलवाला, माझा हार मनगटाएवढा जाड, आणि तो आपोआप गळून जाईपर्यंत मी कोणाला हात लावू देत नसे. पहिल्याच दसऱ्यापासून ती फुले त्या जाळीत जात होती. दोष भावाचा नव्हता, गाडीचाही नव्हता, माझा होता. मला त्याची लाज वाटते.

मी शुभांगीला म्हणालो, हे मृत्युपत्रात कबूल करीन. ती म्हणाली, "नाना, मेल्यावर कळवलं तर काका उत्तर कोणाला देतील?"

पुढचा मजकूर घोटीला, सोमनाथच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. सहीसाठी कागद इथे आणला, गाडी मी स्वतः चालवली. अमोलला बरोबर घेतले ते दुसरा साक्षीदार हवा म्हणून. गाडी बंद पडेल या भीतीने नव्हे. सोमनाथने कागद उभ्यानेच वाचला. मग गाडीपाशी जाऊन त्या जाळीत बराच वेळ बघत राहिला. मी म्हणालो, चुकलो. पेन पुढे केले, ते त्याने घेतले नाही. म्हणाला, "दादा, त्या दिवशीचं माझं ताट अर्धंच राहिलंय. आधी जेवू, मंग सही करतो."

कलम ५. दसऱ्याला गाडीला हार घालावा. दुसऱ्या दिवशी काढावा.

सही: धोंडीराम चिमाजी विधाते
ठिकाण: घोटी. दिनांक: १८ जानेवारी २०२६

वरील सही धोंडीराम यांनी आम्हा दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून केली.

साक्षीदार:
१. अमोल खोडे, मेकॅनिक, द्वारका, नाशिक
२. सोमनाथ चिमाजी विधाते, धाकटा भाऊ, घोटी